साताऱ्याहून यवतमाळात येणाऱ्या डाकसेविका ताईंना: बाराही महिने सायकल जमेल का?

ताई, आधी तुमचं विचारणं इथं मांडतो. तुम्ही साताऱ्याकडच्या. दहावीच्या गुणांवर ग्रामीण डाकसेवक म्हणून निवड झाली आणि नेमणूक आली यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाखा डाकघरात. उपडाकघर ९ किलोमीटरवर, टपालाची बॅग तिथून आणायची. वाटपाची गावं दोन; एक डांबरी रस्त्यावर, दुसरं पांदणीच्या, म्हणजे शेतातून जाणाऱ्या कच्च्या वाटेच्या, टोकाला. गाडी घ्यायला सध्या पैसे नाहीत, सायकल शाळेत असताना चालवलेली. तर हे काम वर्षभर सायकलवर निभेल का, सायकल कोणती घ्यावी, आणि एकट्या बाईमाणसाने त्या रस्त्यांनी फिरावं का.

निभेल. मी घाटंजीच्या बाजूला हेच काम करतो, नोकरीला लागलो तेव्हापासून सायकलवर. टपाल तर आहेच, पण दळण, बाजार, सिलिंडर, पोराला दवाखान्यात नेणं, सगळं त्याच सायकलवर झालं. मात्र तुमच्या मनात जो प्रश्न आहे, ‘माझ्यात तेवढा जोर आहे का’, तो इथं फार कामाचा नाही. रोजचे तीसेक किलोमीटर सपाट-चढावर कोणतंही धडधाकट माणूस महिन्याभरात करायला लागतं. विदर्भात सायकलवाला हरतो तो दोन गोष्टींपुढे, ऊन आणि काळी माती, आणि त्या दोन्हींशी जोर लावून भांडता येत नाही. उन्हाळ्यात वेळ बदलायची, पावसाळ्यात वाट बदलायची, आणि वर्षातले काही दिवस सायकल सरळ घरी ठेवायची. हे न करणारी पोरं पहिल्याच मे महिन्यात हप्त्यावर गाडी काढतात.

हप्त्याचा विषय निघालाच आहे तर हिशोब करून घ्या. चार तासांच्या डाकसेवकाचा मूळ मोबदला १०,००० रुपयांपासून सुरू होतो, वर महागाई भत्ता. रोज ३० किलोमीटर धरले तर २५ दिवसांचे ७५०. लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या गाडीला १५ लिटर पेट्रोल लागलं, म्हणजे दीड हजाराच्या वर गेले, त्यात हप्ता आणि ऑइल धरलेलं नाही. आपल्या भरतीच्या जाहिरातीत सायकल येणं ही अटच लिहिलेली असते, गाडी घ्या असं कुठं म्हटलेलं नाही. सायकलच्या देखभालीचा भत्ताही आहे; रुजू होताना चौकशी करून अर्ज द्या, कोणी आपणहून सांगायला येत नाही. आणि वाटपाच्या हद्दीतच राहायचं असा नियम आहे, तो पाळा. पुष्कळ पोरं तालुक्याला खोली करतात आणि जाण्या-येण्यातच अर्धी होतात. गावात खोली स्वस्त मिळते आणि सकाळचं थंड ऊन तुमच्या हातात राहतं.

आता सायकल. दुकानात तुम्हाला आधी जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली, एकवीस गिअरची दाखवतील. घेऊ नका. शॉकअपचं तेल वर्षात सुटतं आणि मग ते नुसतं वजन. गिअरची मागची यंत्रणा काळ्या मातीच्या एका फेरीत भरते, आणि तालुक्याच्या मिस्त्रीकडे तिचा पार्ट नसतो. जुनी २८ इंची, दांड्याच्या ब्रेकची काळी सायकल माझ्याकडे आहे आणि ती मी सोडणार नाही, पण तुम्हाला ती सांगणार नाही. वजन वीस किलोच्या घरात, मधला दांडा आडवा, आणि ओल्या रिमवर दांड्याचा ब्रेक लागता लागत नाही. तुम्ही २६ इंची, खाली वाकलेल्या फ्रेमची, एकाच गिअरची साधी लेडीज सायकल घ्या. चिखलात पटकन पाय टेकवता येतो, सलवार असो की साडी, चढता-उतरता येतं.

टायर घेताना एक घोटाळा होतो तो ध्यानात ठेवा. २६ इंची म्हणून दोन वेगळ्या मापाचे टायर मिळतात. साध्या सायकलचा २६ × १ ३/८ आणि जाड टायरवाल्या सायकलचा २६ × १.९५, एकाचा दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. २८ इंचीतही तसंच, काळ्या सायकलचा २८ × १ १/२ आणि हल्लीच्या शहरी सायकलचा ७०० सी हे वेगळे आहेत, जरी दोन्हींना २८ म्हणतात. दुकानदाराला नुसतं ‘छब्बीसचा द्या’ म्हणू नका, टायरच्या बाजूवर छापलेला आकडा वाचून दाखवा.

दुकानातून निघण्याआधी एक बदल करून घ्या, मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र. साध्या सायकलला पुढे बहुतेक ४४ दाते आणि मागे १८ असतात. सपाटीला ठीक, पण यवतमाळ पठारी जिल्हा आहे, रस्ता सारखा चढतो-उतरतो, आणि दुपारी पश्चिमेकडून वारा सुटला की सपाट रस्ताही चढ होतो. मागे २२ दाती टाका. वेग थोडा जातो, गुडघे वाचतात. पायडलच्या एका फेऱ्यात २६ इंची सायकल १८ दातीवर पाच मीटर जाते, २२ दातीवर चार मीटरच्या जरा वर. चेनच्या एक-दोन कड्या वाढवाव्या लागतील, तेवढं मिस्त्री करतो. खर्च किरकोळ, आणि गिअरवाल्या सायकलींवरचा माझा अर्धा राग या एका बदलामुळे आहे, कारण गिअरचं बहुतेक काम हेच करतं.

आता उन्हाळा. तुम्ही थंड मुलखातून येताय, म्हणून इथं जरा थांबतो. आमच्याकडे मार्चच्या शेवटाला चाळिशी गाठते. मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरीचे आकडे रोज बातम्यांत असतात, ४५ च्या वरचे. साधारण २५ मेपासूनचे नऊ दिवस म्हणजे नवतपा. मैदानी भागात ४५ अंश झाले की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं, पण खात्याचा तापमापक सावलीतल्या पेटीत असतो आणि तुम्ही असता डांबरावर. खालून भाजतं, वरून भाजतं, आणि सायकलवर समोरून येणारी हवा एरवी गार करते ती अकरानंतर उलट भाजायला लागते. अंगापेक्षा हवाच जास्त तापलेली असली की वारा लागून गार व्हायचं निम्मं गणित संपतं, उरतो फक्त घाम. म्हणून पाणी.

वेळेचं असं आहे. मेमध्ये साडेपाच-पावणेसहाला उजाडतं. उजाडल्या उजाडल्या निघालात तर साडेनऊपर्यंत चार तास हातात आहेत, आणि त्या चार तासांत दोन्ही गावं होतात. गावकरीही सकाळीच घरी किंवा वाटेवर सापडतात. बारा वाजता दारं लावून झोपलेल्या गावात वाटप करण्यात तसाही अर्थ नाही. अडचण बॅगेची. ती उपडाकघरात उशिरा उघडली जाते. मी काल आलेलं टपाल आज सकाळी वाटतो आणि बॅग आणायचं काम संध्याकाळकडे किंवा एसटीवर टाकतो. पण शाखेची वेळ वरून ठरलेली असते, आपल्या मनाने बदलायची नाही. मार्चमध्येच इन्स्पेक्टर साहेबांना लेखी द्या की एप्रिल ते जून सकाळची वेळ मिळावी. मे उजाडल्यावर अर्ज केला तर तो मंजूर होईपर्यंत मृग लागतो.

अकरा ते साडेचार सायकल चालवायची नाही. कोणी कितीही महत्त्वाचं पत्र म्हणो. त्या वेळेत रस्त्यावर अडकलात तर देऊळ, शाळेचा व्हरांडा, कडुनिंब, जिथं सावली तिथं बसा आणि उन्ह उतरू द्या. विदर्भात दुपारी दारात आलेल्या माणसाला पाणी नाकारणारं घर मी पाहिलेलं नाही. गूळ-पाणी मिळेल, कुठं ताक मिळेल. लाजू नका, मागून घ्या.

पाणी सायकलवर तासाला पाऊण ते एक लिटर लागतं. बाटलीला ओलं सुती फडकं गुंडाळा, वाऱ्याने पाणी निवतं. नुसतं पाणी ढोसत राहू नका. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, ही घरगुती जलसंजीवनी. आरोग्य केंद्रात ओआरएसची पुडी मिळते ती आणखी चांगली. पन्हं, ताक, सगळं चालतं. खिशात कांदा ठेवायला तुम्हाला शंभर जण सांगतील. ठेवा, पण दुपारी भाकरीसोबत फोडून खायला. खिशातल्या कांद्याने ऊन अडत नाही. डोक्याला पांढरा सुती दुपट्टा, ओला करून, कान आणि मान झाकून. मोठ्या रस्त्याने जायचं असेल तर त्यावर हेल्मेट. सिंथेटिक ओढणी नको, ती घाम धरत नाही. दुपट्ट्याची टोकं मात्र कमरेला खोचा. मागच्या चाकात गेलेला दुपट्टा गळ्याला फास होतो, हे मी घाबरवायला सांगत नाही.

डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, पाय भरून आले की थांबायचं, पुढचं गाव दिसत असलं तरी. माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या जायला लागल्या, अंग तापून कोरडं पडलं, तर तो उष्माघात. सावलीत आडवं करून कपड्यांवर पाणी ओतायचं, वारा घालायचा, १०८ ला फोन लावायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

सायकललाही ऊन लागतं. पंक्चरचे ठिगळ उन्हात उभ्या सायकलीवर सुटतात, व्हॉल्व्हमधली रबराची नळी, वालट्यूब, चिकट होऊन फाटते. सायकल कायम सावलीत उभी करा आणि दोन-चार वालट्यूब पाकिटात ठेवा. सगळ्यात स्वस्त पार्ट तो आणि त्याच्यासाठीच माणूस पाच किलोमीटर ढकलत जातो. मे महिन्यात काही रस्त्यांचं डांबर पाघळतं, तिथून कडेच्या मुरमावर उतरा.

जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि चार दिवस वाटतं, सुटलो. मग काळी माती. तुमच्याकडेही काळी जमीन आहे, पण इथल्या पांदणी म्हणजे निव्वळ तीच, खाली ना मुरूम ना दगड. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो, पावसात त्याच बुजून चिखल होतो. सायकलीला तिचा त्रास कसा होतो ते समजून घेतलं तर वाट निवडता येते. धो-धो पाऊस चालू असताना पांदणीत पाणी वाहतं, तेव्हा माती पातळ असते, पाय रुततो पण चाक फिरतं. सगळ्यात वाईट वेळ पाऊस थांबून दोन-चार तास ऊन पडल्यावरची. तेव्हा ती मळलेल्या कणकेसारखी होते. चाकाला थर चढतो, थरावर गवत चढतं, ते सगळं मडगार्ड आणि टायरच्या मधे दाबून बसतं आणि चाक जागच्या जागी थांबतं. ढकलताही येत नाही, कारण फिरत नाही. उचलावं तर तीस किलो. दोन दिवस कडक ऊन पडलं की वर पापुद्रा धरतो आणि मग त्याच वाटेने सायकल मजेत जाते.

म्हणून जून ते दिवाळी पांदण सोडायची. तुमच्या दुसऱ्या गावाला डांबरी रस्त्याने वळसा असेल, आठ किलोमीटरचा का असेना, तो घ्या. वळसा नसेल तर डांबर संपतं तिथल्या शेवटच्या घरी, नाहीतर चक्कीवर, सायकल ठेवायची सोय लावा आणि पुढे पायी जा. तिथल्या माणसाचं टपाल, पासबुक, निराधाराचे पैसे, सगळं तुमच्याच हातून जाणार आहे, तो सायकल सांभाळेल. अगदीच पांदणीतून जावं लागलं तर चाकोरी सोडून धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, गवतावरून ढकला, गवतावर माती चढत नाही. मडगार्डचे नट सैल करून, वॉशर टाकून टायरपासून बोटभर अंतर वाढवून घ्या, आणि कॅरिअरला बांबूची चपटी कामटी खोचून ठेवा. चाकातली माती काढायला तिच्यासारखं काही नाही. लोखंडी पट्टीने टायर कापतो.

रपटे दुसरी गोष्ट. नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाला इथं रपटा म्हणतात, आणि पाऊस वर डोंगराकडे पडला तरी खाली ऊन असताना रपट्यावरून पाणी जातं. वाहतं पाणी घोट्याच्या वर असेल तर चालतही जायचं नाही, सायकल धरून तर मुळीच नाही. चाकं पाण्याला आडवी धरली की पाणी सायकल ओढतं आणि तिच्यासोबत तुम्हाला. थांबा. पठारावरचे नाले लवकर चढतात तसे तास-दोन तासांत उतरतात. उतरल्यावरही रपट्यावर शेवाळ आणि गाळ असतो, उतरून चाला, आणि मधला सिमेंटचा तुकडा वाहून गेला नाही ना ते काठीने बघा. टपाल उशिरा पोचलं तर जाब द्यावा लागेल, तो द्यायचा.

झड लागली, म्हणजे तीन-तीन दिवस पाऊस उघडत नाही अशी, तर रेनकोटच्या आत घामानेच भिजायला होतं. मी मेणकापडाची खोळ घेतो, खालून मोकळी, हवा खेळते. पायात बूट नको, प्लॅस्टिकची सँडल. टपाल आणि बोटं लावायचं मशीन मात्र दुहेरी बांधा. युरियाच्या पोत्याच्या आत जी प्लॅस्टिकची पिशवी निघते, ती धुऊन वाळवली की तिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही. विजांचं म्हणाल तर जून आणि परतीचा पाऊस हे दोन काळ जपायचे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये घ्या. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर सायकल सोडून पक्क्या घरात जायचं, एकट्या झाडाखाली नाही.

पावसाळ्यात चेनला रोज थेंब थेंब तेल, उन्हाळ्यात उलट कमी. उन्हाळी धूळ तेलावर बसून चेन दातांसकट घासून टाकते, तेव्हा रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसून अगदी थोडं तेल. मधल्या एक्सलचे छर्रे काढून ग्रीस वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर. एवढंच. बाकी मिस्त्री जे सांगतील त्यातलं निम्मं नाही केलं तरी चालतं.

दिवाळीनंतर खरा सायकलचा मोसम. थंडी, कोरडा रस्ता, उडीद-मूग-सोयाबीन निघालेलं, कापूस फुटलेला. पण रस्त्यावर धोके वेगळे. सोयाबीन आणि पुढे तूर लोक डांबरावर वाळत घालतात, कुटारावर, म्हणजे भुशावर, चाक घसरतं, ब्रेक लागत नाही. उतरून कडेने जा आणि मालकाशी वाद घालू नका, रस्ता त्याच्याही उपयोगाचा आहे. कापसाच्या ट्रॉल्या दोन्ही बाजूंना फुगलेल्या असतात, ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, मागे दिवा नसतो. त्यांना ओलांडायला जाऊ नका. आणि जानेवारीपासून पांदणीत, शेतवाटेला, तुरीचे आणि पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या झाडांचे, तिरपे कापलेले खुंट. बाभळीचा काटा फार तर पंक्चर करतो, तुरीचा खुंट टायरची बाजू फाडतो आणि ते ठिगळाने भरत नाही. बाभळीसाठी सोपा उपाय आहे. जुनी ट्यूब उभी चिरून तिची पट्टी टायर आणि नव्या ट्यूबच्या मधे बसवा. सायकल थोडी जड चालते, पंक्चर फार कमी होतं.

डिसेंबरात पावणेसातच्या आसपास उजाडतं आणि सहाच्या आत अंधारतं. धुई, म्हणजे धुकं, पडली तर दहा मीटरवरचं दिसत नाही. पाठीवर चमकणारी पट्टी, मागे लाल दिवा, एवढं पुरे.

जनावरांबद्दल. रोही, म्हणजे नीलगाय, तिन्हीसांजेला रस्ता ओलांडते आणि एक गेली की मागे चार असतात. पहिली दिसली की ब्रेक. रानडुकरं टाळा. कुत्री मागे लागली तर पळवू नका, उतरा, सायकल मधे धरा, चालायला लागा. चार दिवसांत ती ओळखतात. तुमचं गाव घाटंजी किंवा पांढरकवड्याकडे असेल तर टिपेश्वर अभयारण्य जवळ आहे, १४८ चौरस किलोमीटरचं, आणि वाघ अभयारण्याची हद्द पाळत नाही. तिथं उन्हाळ्यातही उजाडण्याआधी निघायचं नाही. ऊन टाळायला लवकर निघावं आणि वाघ टाळायला थांबावं, यात वाघाचं ऐकायचं. मोहफुलं वेचायच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत जंगलकडेची वाट कशी आहे ते वनरक्षकाला किंवा गुराख्याला विचारून जा. गुराखी जास्त खरं सांगतो.

एकट्या बाईमाणसाचा प्रश्न. लोक हसतील का, तर नाही. आमच्या भागात आठवी ते बारावीच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात, सकाळी मुलींच्या रांगा शाळेला जाताना दिसतील. बारावी झाली की त्याच मुली सायकल सोडतात, म्हणून मोठी बाई सायकलवर दिसली की पहिले काही दिवस माणसं वळून बघतात. नंतर ‘पोस्टवाल्या बाई’ झालात की संपलं. माझ्यासोबतच्या एका डाकसेविका बाईंनी जे सांगितलं ते तसंच देतो: प्रत्येक गावात एक अंगणवाडी किंवा आशाताईचं घर ओळखीचं करून ठेवा, पाण्याला, बाथरूमला आणि थांबायला. ते नाही म्हणून पाणीच कमी प्यायचं, असं बायका करतात आणि मेमध्ये तेच बाधतं. निघताना कुठल्या वाटेने जाणार ते एकाला सांगून निघा. पेमेंट्स बँकेचे किंवा पेन्शनचे पैसे जवळ असतील तर ते कॅरिअरच्या पिशवीत कधीच नको, अंगावर, आणि त्या दिवशी शेवटचं गाव आधी. ११२ नंबर फोनवर एका बोटावर ठेवा.

ओझ्याचं एकच सूत्र, जड ते खाली. पार्सलं वाढली आहेत आणि ती कॅरिअरवर उंच रचली की उतारावर सायकल शेपूट हलवते. मेणकापडाच्या दोन झोळ्या शिवून कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना टाका, वरून ट्यूबच्या रबराने आवळा. भरलेला घरगुती सिलिंडर तीसेक किलो भरतो. तो आणायचा झाला तर चालवत नाही, ढकलत. तांदळाचा कट्टाही तसाच. आठवड्यातून एकदा कॅरिअरचे नट तपासा.

सायकल न काढायचे दिवस: नवतपातल्या दुपारी, रपटा वाहतोय ते दिवस, विजांच्या संध्याकाळी, आणि ताप असेल तेव्हा. त्या दिवसांसाठी एसटीचं वेळापत्रक भिंतीवर लावा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणजे तुम्हाला माझ्यापेक्षा हा आधार स्वस्त पडतो. मोठ्या रस्त्यांपैकी समृद्धीवर सायकललाच काय, दुचाकीलाही परवानगी नाही; बाकी महामार्ग लागलाच तर डाव्या पट्टीच्या बाहेर, आणि रात्री नाही.

सायकल यवतमाळला घ्या, तालुक्याला नाही; फ्रीव्हील तिथं हमखास मिळतं. सोबत पाना, टायर काढायच्या दोन पट्ट्या, ठिगळ-सोल्युशन, छोटा पंप आणि एक आख्खी ट्यूब. सोल्युशनची ट्यूब उघडली की महिन्याभरात वाळते, दोन घ्या. सीट शाळेतल्यासारखी खाली ठेवू नका. बसून टाच खाली गेलेल्या पायडलवर ठेवली की गुडघा जवळपास सरळ झाला पाहिजे. गुडघेदुखीच्या निम्म्या तक्रारी तिथंच असतात.

रुजू व्हायची तारीख निवडता आली तर मार्चच्या सुरुवातीची घ्या. ऊन अंगात मुरायला आठवडा ते पंधरवडा लागतो आणि मार्चमध्ये ते हळूहळू मुरतं. तारीख मेमधलीच आली तर पहिले पंधरा दिवस बॅग एसटीने आणा आणि सायकल फक्त सकाळी आठच्या आत, जवळच्या गावापुरती काढा. पांदणीच्या टोकाचं गाव त्यानंतर घ्या.